विश्लेषण : प्रत्येक जण प्रोग्रॅमर? स्वतःचे ॲप स्वतःच बनवण्याचे फायदे किती, धोके कोणते?

शिकवणी वर्गाच्या फीचा हिशेब, दवाखान्यात आलेल्या रुग्णांचे क्रमांक, गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल शुल्काची थकबाकी ही कामे आजवर वहीत, एक्सेलमध्ये किंवा व्हॉट्सॲप गटावर चालत. एवढ्याशा कामासाठी सॉफ्टवेअर कंपनी गाठणे परवडत नसे आणि कंपनीलाही त्यात रस नसे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या साधनांना साध्या भाषेत काय हवे ते सांगितले की काही तासांत चालते ॲप हाती येते. शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, संस्थेचे सचिव असे प्रोग्रॅमिंगशी कधी संबंध न आलेले लोक स्वतःचे सॉफ्टवेअर स्वतः घडवू लागले आहेत. यातून नेमके काय साधते, कुठे फसगत होते आणि चूक झाली तर जबाबदार कोण, याचा हा आढावा.

‘व्हाइब कोडिंग’ म्हणजे काय?

‘ओपनएआय’च्या संस्थापकांपैकी एक आणि ‘टेस्ला’च्या कृत्रिम बुद्धिमत्ता विभागाचे माजी प्रमुख आंद्रे कारपाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘एक्स’वरील एका टिपणात हा शब्द वापरला. काय हवे ते यंत्राला बोलून सांगायचे, त्याने लिहिलेला कोड न वाचताच स्वीकारायचा, चूक दिसली तर तिचा संदेश जसाच्या तसा पुन्हा यंत्राला द्यायचा आणि काम होईपर्यंत हेच करत राहायचे, असे या पद्धतीचे वर्णन त्यांनी केले होते. हा शब्द इतक्या झपाट्याने रुळला की ‘कॉलिन्स’ शब्दकोशाने २०२५ चा ‘वर्षातील शब्द’ म्हणून त्याची निवड केली. शनिवार-रविवारी गंमत म्हणून करून नंतर टाकून द्यायच्या कामांसाठी ही पद्धत वाईट नाही, असेही कारपाथी यांनी त्याच टिपणात म्हटले होते. शब्दाचा प्रसार होताना ही मर्यादा मात्र मागे पडली.

प्रोग्रॅमर नसलेल्यांसाठीची साधने त्याआधीही होती. ‘झोहो क्रिएटर’, गूगलचे ‘ॲपशीट’, मायक्रोसॉफ्टचे ‘पॉवर ॲप्स’ यांत तयार ठोकळे जोडून ॲप उभे करता येते. ठोकळे ठरलेले असल्याने तिथे करता येण्याजोग्या गोष्टी मर्यादित आणि होणाऱ्या चुकाही बऱ्याच अंशी मर्यादित राहतात. ‘लव्हेबल’, ‘रेप्लिट’, ‘बोल्ट’ यांसारख्या नव्या मंचांनी ही चौकट मोडली. ते हवा तसा कोड नव्याने लिहितात, माहिती साठवण्यासाठी डेटाबेस जोडतात आणि ॲप थेट इंटरनेटवर प्रसिद्धही करून देतात. म्हणजे कल्पना सुचणे आणि ती जगासमोर खुली होणे यांमध्ये पूर्वी जी चार माणसे असत, त्यांतले कोणीही आता असेलच असे नाही.

हे स्वप्न नवीन आहे का?

प्रोग्रॅमरवाचून काम भागावे ही इच्छा संगणकाइतकीच जुनी आहे. १९५९ मध्ये ‘कोबोल’ या भाषेची आखणी सुरू झाली, तेव्हा तिची वाक्ये इंग्रजीसारखी ठेवण्यामागे व्यवस्थापकांनाही ती वाचता यावीत हा हेतू होता. १९६४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी ‘बेसिक’ भाषा तयार केली, ती विज्ञान-गणित न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून.

खरी क्रांती झाली ती १९७९ मध्ये. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांना, फळ्यावरच्या तक्त्यातील एक आकडा बदलला की बाकीचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागते, हे खटकत होते. त्यातून त्यांनी बॉब फ्रँकस्टन यांच्यासह ‘व्हिसिकॅल्क’ हे पहिले लोकप्रिय स्प्रेडशीट आणले. पुढे १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आणि १९८५ मध्ये ‘एक्सेल’ आले. एक्सेलच्या चौकटीत सूत्र लिहिणारा कारकून किंवा लेखापाल प्रोग्रॅमिंगच करत असतो, फक्त त्याला कोणी प्रोग्रॅमर म्हणत नाही. त्यामुळे बिगर-व्यावसायिकांनी सॉफ्टवेअर घडवले तर काय होते, या प्रश्नाचे उत्तर शोधताना चार दशकांहून अधिक काळाचा अनुभव हाताशी आहे.

सर्वात मोठा फायदा कोणता?

ज्याची अडचण, त्यालाच तिची बारीकसारीक माहिती असते. ही माहिती दुसऱ्याला समजावून सांगण्यातच सॉफ्टवेअरचा बराच वेळ आणि पैसा खर्च होतो आणि तरीही हाती येते ते बहुतेकदा थोडे वेगळेच असते. अडचण असणारा आणि घडवणारा एकच असला की हे अंतर संपते.

अमेरिकेतील डॅना लुईस यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. त्यांना टाइप-१ मधुमेह आहे. झोपेत रक्तातील साखर घसरली की शरीराला लावलेले उपकरण इशारा देई, पण त्याचा आवाज त्यांना जाग येण्याइतका मोठा नव्हता. त्या एकट्या राहत असल्याने हा जिवावरचा प्रश्न होता. उत्पादक कंपनीकडून उपाय मिळेना. प्रोग्रॅमिंगचे शिक्षण नसलेल्या लुईस यांनी २०१३ च्या अखेरीस, नेटवर्क अभियंता असलेले जोडीदार स्कॉट लीब्रँड यांच्या मदतीने आणि दुसऱ्या एका रुग्णाच्या पालकाने लिहिलेला कोड वापरून, मोठा इशारा देणारी प्रणाली बनवली. पुढे ती साखरेचा अंदाज बांधू लागली आणि अखेर इन्सुलिन पंपाला स्वतः सूचना देऊ लागली. फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘ओपनएपीएस’ या नावाने तिची रचना सर्वांसाठी खुली करण्यात आली. याच परंपरेतून घडलेल्या ‘अँड्रॉइडएपीएस’ या खुल्या प्रणालीची न्यूझीलंडमध्ये ९७ रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पंपाच्या तुलनेत या रुग्णांची साखर दिवसातील सुमारे तीन तास अधिक काळ सुरक्षित पातळीत राहिल्याचे त्यात आढळले.

भारतातही अशी उदाहरणे आहेत. राजस्थानमधील अलवरचे शिक्षक इम्रान खान यांनी स्वतः शिकून विद्यार्थ्यांसाठी पन्नासहून अधिक शैक्षणिक ॲप तयार केली. नोव्हेंबर २०१५ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावरील भाषणात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यांचा उल्लेख केला होता. मुंबईत धारावीतील शाळकरी मुलींनी ‘एमआयटी ॲप इन्व्हेंटर’ हे ठोकळे जोडण्याचे साधन शिकून महिलांच्या सुरक्षिततेसाठी आणि पाण्याच्या रांगेतील आपला क्रमांक कळण्यासाठी ॲप बनवली. पाण्याच्या रांगेत शाळेचा वेळ जातो ही अडचण एखाद्या मोठ्या कंपनीच्या बैठकीत कोणाला सुचली असती, याची शक्यता कमीच. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांत तर ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द दशकभरापासून रुळला आहे. निकालपत्रके, शालेय पोषण आहाराचा हिशेब, प्राप्तिकराची आकडेमोड यांसाठी शिक्षकांनीच तयार केलेल्या एक्सेल फाइल व्हॉट्सॲप गटांवरून तालुकाभर फिरत असतात.

एक्सेलच्या अनुभवातून कोणता धडा मिळतो?

‘आयबीएम’मधील दोन संशोधकांनी १९८७ मध्ये नऊ अनुभवी वापरकर्त्यांना प्रत्येकी तीन स्प्रेडशीट बनवायला सांगितली. त्यांपैकी ४४ टक्के स्प्रेडशीटमध्ये चुका निघाल्या. बनवणाऱ्यांना मात्र आपले काम बिनचूक असल्याची बरीच खात्री होती. चुका सगळ्यांच्याच होतात, पण स्वतः केलेले काम तपासायची गरज वाटत नाही, हा खरा धोका त्यातून पुढे आला.

ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटनमध्ये करोनाचे १५,८४१ बाधित रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून गळाल्याचे उघड झाले. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या ‘एक्सएलएस’ प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती आणि त्यात ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत. मर्यादा संपल्यावर उरलेले रुग्ण यादीत आलेच नाहीत. परिणामी त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध साथ वाढत असतानाच काही दिवस लांबला.

‘जे. पी. मॉर्गन’ बँकेला २०१२ मध्ये लंडनमधील सौद्यांत सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. बँकेच्याच चौकशी अहवालानुसार, जोखीम मोजण्याचे प्रारूप अनेक एक्सेल फाइलमधून आकडे हाताने उचलून-चिकटवून चालवले जात होते आणि एका सूत्रात सरासरीने भागण्याऐवजी बेरजेने भागले गेले होते. त्यामुळे जोखीम प्रत्यक्षाहून कमी दिसली. तोट्याला इतरही कारणे होती, पण धोक्याची घंटा वेळेवर न वाजण्यात या सूत्राचा वाटा होता.

अर्थतज्ज्ञ कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरील २०१० चा शोधनिबंध काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ जगभर वापरला गेला. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने २०१३ मध्ये मूळ फाइल मागवून पाहिली, तेव्हा सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी निवडल्याच गेल्या नव्हत्या, असे आढळले. जनुकशास्त्रात तर नमते घ्यावे लागले ते शास्त्रज्ञांना. ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ अशा जनुकांच्या नावांचे एक्सेल परस्पर तारखांत रूपांतर करत असे. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने अशा जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर केले.

या सगळ्या घटनांत एक समान सूत्र आहे. फाइल बंद पडली नाही किंवा लाल अक्षरांत इशाराही आला नाही. काम सुरळीत चालल्याचे दिसत राहिले आणि उत्तर तेवढे चुकीचे आले.

एआयने बनवलेल्या ॲपमध्ये धोका कुठे असतो?

एक्सेलची फाइल बहुधा बनवणाऱ्याच्या संगणकावर असते. ॲप मात्र पहिल्या दिवसापासून इंटरनेटवर असते. त्यामुळे चुकीच्या उत्तराच्या जोडीला माहिती बाहेर जाण्याचा धोका येतो.

बँकेच्या लॉकरच्या खोलीत अनेक ग्राहक जातात, पण प्रत्येक लॉकरला स्वतंत्र कुलूप असते. ॲपच्या डेटाबेसचेही तसेच असायला हवे. खोलीत प्रवेश देणारी किल्ली ॲप वापरणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरपर्यंत पोहोचलेली असते आणि थोडे जाणणाऱ्याला ती सहज दिसते. म्हणून कोणाला कोणती ओळ वाचता यावी, याचे कुलूप डेटाबेसमध्ये लावावे लागते. पडद्यावर लॉगिनची चौकट दिसते म्हणून ते कुलूप लागलेच आहे असे होत नाही. २०२५ मध्ये सुरक्षा अभ्यासकांनी ‘लव्हेबल’वर बनलेली १,६४५ ॲप तपासली. त्यांतील १७० ॲपमध्ये हे कुलूप नव्हते किंवा सदोष होते आणि वापरकर्त्यांची वैयक्तिक माहिती बाहेरच्या कोणालाही वाचता येत होती. ही ॲप बनवणाऱ्यांच्या दृष्टीने सगळे व्यवस्थित चालू होते.

‘व्हेराकोड’ या सुरक्षा कंपनीने त्याच वर्षी शंभरहून अधिक भाषा-प्रारूपांकडून कोड लिहून घेतला. त्यांपैकी ४५ टक्के नमुन्यांत सुरक्षेतील ज्ञात त्रुटी आढळल्या. ही कंपनी सुरक्षा तपासणीच विकते, हे लक्षात ठेवूनही हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. याचे कारण या साधनांच्या स्वभावात आहे. सांगितलेले काम करून दाखवणे हे त्यांचे उद्दिष्ट असते. ‘रुग्णांची यादी दिसली पाहिजे’ असे सांगितले तर यादी दिसते. ती आणखी कोणाला दिसू नये हे सांगायचे राहून गेले, तर ते राहूनच जाण्याची शक्यता असते. व्यावसायिकाला अनुभवाने हे विचारायचे सुचते, नवख्याला तसा प्रश्न असतो हेच ठाऊक नसते.

तिसरा धोका अधिकारांचा. जुलै २०२५ मध्ये उद्योजक जेसन लेमकिन ‘रेप्लिट’च्या एआय साहाय्यकाकडून ॲप बनवून घेत होते. कोणताही बदल करू नये अशी स्पष्ट सूचना देऊनही साहाय्यकाने प्रत्यक्ष वापरातील डेटाबेसच पुसून टाकला. त्यात बाराशेहून अधिक उद्योग-अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. माहिती परत मिळवता येणार नाही, असेही त्याने सांगितले. प्रत्यक्षात ती मिळवता आली. ‘रेप्लिट’चे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर माफी मागितली आणि चाचणीचा व प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस वेगळा ठेवण्याची व्यवस्था करत असल्याचे सांगितले. सॉफ्टवेअर व्यवसायात हे वेगळेपण प्राथमिक शिस्त मानले जाते. नवख्या वापरकर्त्याला त्याची गरज नुकसान झाल्यावर कळते.

व्यावसायिकांचे सॉफ्टवेअर निर्दोष असते का?

मुळीच नाही. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि विमानसेवांपासून रुग्णालयांपर्यंत गोंधळ उडाला. ब्रिटनच्या टपाल खात्यातील ‘होरायझन’ ही प्रणाली मोठ्या कंपनीने बनवलेली होती. तिने दाखवलेल्या खोट्या तुटीच्या आधारे नऊशेहून अधिक उप-टपालचालकांना चोरी आणि अफरातफरीबद्दल दोषी ठरवण्यात आले होते. तिथेही यंत्राने दाखवलेल्या आकड्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता.

घाई आणि आत्मविश्वासाच्या बाबतीतही अनुभवी लोक अपवाद नाहीत. ‘मीटर’ या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरांची पाहणी केली. एआय वापरल्याने काम सुमारे २० टक्के लवकर झाले असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला होता.

फरक आहे तो चुकीनंतरच्या व्यवस्थेत. व्यावसायिक कामात एकाने लिहिलेला कोड दुसरा तपासतो, जुनी आवृत्ती जपून ठेवलेली असते, माहितीची प्रत रोज घेतली जाते आणि तक्रार कोणाकडे करायची हे करारात लिहिलेले असते. ही व्यवस्था अनेकदा फसते, पण दाद मागायला दार असते. ‘होरायझन’च्या पीडितांनाही वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर न्यायालयात आणि चौकशी आयोगापुढे बाजू मांडता आली. संस्थेच्या एका सभासदाने हौसेने बनवलेल्या ॲपमधून शेजाऱ्यांचे फोन क्रमांक बाहेर गेले, तर त्यांनी कोणाकडे जायचे?

बनवणारा निघून गेला तर?

हा प्रश्न माहितीच्या चोरीइतका नाट्यमय नाही, पण रोजच्या व्यवहारात अधिक वेळा भेडसावतो. तंत्रस्नेही शिक्षकाची बदली होते, संस्थेचे सचिव फ्लॅट विकून जातात, दवाखान्यातील हुशार मदतनीस दुसरी नोकरी धरतो. त्यांनी केलेले ॲप मागे राहते. त्याचा पासवर्ड कोणाच्या ईमेलला जोडलेला आहे, मंचाचे मासिक शुल्क कोणाच्या कार्डावरून जाते, माहिती कुठे साठवली आहे, हे उरलेल्यांना सांगता येत नाही. एक्सेलची सूत्रे निदान उघडून वाचता येत. व्हाइब कोडिंगमध्ये कोड बनवणाऱ्यानेही वाचलेला नसतो. त्यामुळे तो समोर असला तरी ‘हे असे का केले’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे असेलच असे नाही.

कामाची सवय ॲपच्या भरवशावर बदललेली असते. वही बंद झालेली असते. अशा वेळी ॲप बंद पडले, तर जुन्या पद्धतीकडेही लगेच परतता येत नाही.

भारतीय कायदा काय सांगतो?

‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा’ २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनंतर, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. एखाद्या व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळली, तर हा कायदा लागू होत नाही. घरखर्चाचा हिशेब किंवा कुटुंबाच्या औषधांच्या वेळा सांभाळणारे ॲप त्यामुळे बाहेर राहते.

त्यापलीकडे पाऊल पडले की चित्र बदलते. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, तो कायद्याच्या दृष्टीने जबाबदार असतो. तो व्यक्ती असो, कंपनी असो की व्यक्तींचा समूह. ॲप कोणत्या मंचाने किंवा कोणत्या एआयने लिहिले, याने ही जबाबदारी टळत नाही. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न केल्यास कमाल २५० कोटी रुपयांपर्यंत आणि माहितीफुटीची खबर न दिल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड ठरवताना चुकीचे गांभीर्य आणि परिणाम पाहिले जाणार असल्याने छोट्या संस्थेला एवढी रक्कम भरावी लागेल असे नाही, पण सूट गृहीत धरता येत नाही. माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तींना विनाविलंब कळवणे आणि ७२ तासांत माहिती संरक्षण मंडळाला तपशील देणे बंधनकारक असेल. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागेल. शैक्षणिक आणि आरोग्य संस्थांना यात काही मर्यादित सवलती आहेत. शिकवणी वर्गासाठी ॲप बनवणाऱ्याने ही तरतूद आधी वाचलेली बरी.

मग रेषा कुठे ओढायची?

मधुमेही रुग्णांच्या चळवळीने ही रेषा फार आधी ओढली होती. ‘ओपनएपीएस’च्या कार्यकर्त्यांनी तयार यंत्र कोणाला विकले किंवा वाटले नाही. रचना आणि सूचना खुल्या ठेवल्या, पण प्रत्येकाने ती प्रणाली स्वतःसाठी स्वतः बांधावी, म्हणजे ती कशी चालते आणि कुठे चुकू शकते हे त्याला कळेल, असा आग्रह धरला. तरीही धोका संपला नाही. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा अमान्य जोडण्यांबाबत इशारा दिला. साखरेचे चुकीचे आकडे मिळाल्याने एका रुग्णाच्या शरीरात इन्सुलिनची अतिमात्रा गेली होती. पुढे या परंपरेतील ‘टाइडपूल लूप’ या प्रणालीने रीतसर तपासणीचा मार्ग धरला आणि जानेवारी २०२३ मध्ये तिला याच प्रशासनाची मान्यता मिळाली. स्वतःपुरते बनवलेले साधन आणि दुसऱ्याच्या हाती द्यायचे साधन यांना वेगवेगळ्या कसोट्या लावायला हव्यात, हे या प्रवासात दिसते.

रोजच्या वापरातही हीच कसोटी लावता येईल. चूक झाली तर नुकसान फक्त बनवणाऱ्याचे होणार असेल, तर मनसोक्त प्रयोग करावेत. शिकण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. ॲप इतरही वापरणार असतील, पण त्यात कोणाची खासगी माहिती नसेल, जसे की पाढे शिकवणारा खेळ किंवा नळाच्या वेळा दाखवणारे पान, तर उत्तरे हाताने पडताळून पाहावीत आणि पुढे जावे. मात्र दुसऱ्याचे पैसे, आरोग्य, मुलांची माहिती किंवा ओळखपत्रे यांचा संबंध येताच जाणकाराकडून एकदा तरी तपासणी करून घ्यायला हवी. संपूर्ण सॉफ्टवेअर बनवून घेण्यापेक्षा तयार ॲपची तपासणी बरीच कमी वेळाची असते.

जाणकार भेटण्याआधीही काही गोष्टी स्वतः करता येतात. लागेल तेवढीच माहिती मागावी. फी भरल्याची नोंद ठेवायला आधार क्रमांकाची गरज नसते. दोन वेगवेगळ्या नावांनी लॉगिन करून एकाला दुसऱ्याची माहिती दिसते का, हे पाहावे. चाचणी खोट्या नावांवर करावी. माहितीची प्रत ठरावीक दिवशी दुसरीकडे उतरवून घ्यावी आणि ती उघडते का तेही तपासावे. यंत्राला खरा डेटाबेस पुसण्याचा अधिकार देऊ नये. पासवर्ड, शुल्क आणि साठवणुकीचे ठिकाण एका कागदावर लिहून दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे ठेवावे. पहिले काही महिने वहीही चालू ठेवून महिनाअखेरीस दोन्हींची बेरीज जुळते का ते पाहावे. लेखापाल हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत.

नियमनाचा विचार करताना बंदीचा मार्ग उपयोगाचा नाही. कंपन्यांनी एक्सेलवर बंदी घालण्याचे प्रयत्न केले, तरी कर्मचारी ते वापरत राहिले, कारण त्यांचे काम दुसऱ्या कशाने होत नव्हते. त्यापेक्षा ॲप बनवून देणाऱ्या मंचांवर अधिक भार टाकणे योग्य ठरेल. डेटाबेसचे कुलूप मुळातच लावलेले असावे आणि ते काढायचे तर परिणाम समजावून सांगणारी सूचना वापरकर्त्याच्या भाषेत यावी. शाळांसाठी शिक्षण विभाग आणि गृहनिर्माण संस्थांसाठी सहकार विभाग यांनी अशा ॲपसाठी दोन पानांची मार्गदर्शिका काढली आणि तपासणीसाठी जिल्हा पातळीवर जाणकार उपलब्ध केला, तर शिक्षकांची आणि सभासदांची हौस वाया जाणार नाही. मे २०२७ पर्यंतचा अवधी त्यासाठी पुरेसा आहे.